हाताने घडवलेल्या सुरीची मूठ दोन्ही बाजूंनी सारखी कशी आणावी?

प्रश्न

नमस्कार. गेली दोन वर्षे मी घरच्या घरी स्वयंपाकाच्या सुऱ्या बनवण्याचा सराव करीत आहे. पाते कापणे, उतार घासणे आणि पाणी देणे ही कामे आता बऱ्यापैकी जमू लागली आहेत. मुठीपाशी मात्र प्रत्येक वेळी अडते. मूठ हातात चांगली वाटते, पण सुरी पाठीकडून पाहिली की एक बाजू फुगलेली आणि दुसरी दबलेली दिसते.

सध्याच्या सुरीचे तपशील देतो. टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, ३ मिमी जाडीचा असून मुठीच्या पूर्ण आकाराचा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी ९ मिमी जाडीच्या शिसवी पट्ट्या एपॉक्सीने चिकटवल्या आहेत आणि ५ मिमी जाडीच्या दोन पितळी सळ्या आरपार घातल्या आहेत. पाते कातड्यात गुंडाळून शेगड्यात (वस्तू आवळून धरणाऱ्या व्हाइसमध्ये) आडवे धरतो आणि कानशीने घासतो. उजवी बाजू घासताना मूठ शेगड्याच्या उजवीकडे येते, डावी बाजू घासताना पाते फिरवून धरल्यामुळे ती डावीकडे येते. मी उजव्या हाताने काम करतो.

व्हर्नियरने मोजल्यावर असे दिसले की पात्यालगत, म्हणजे मुठीच्या मानेशी, डावीकडे ८ मिमी लाकूड उरले आहे आणि उजवीकडे ६.५ मिमी. बुडाशी याच्या उलट झाले आहे: डावीकडे ७ आणि उजवीकडे ८.२. मी दर थोड्या वेळाने बाजू बदलत होतो आणि दोन्हीकडे सारखाच वेळ दिला होता, तरी असे का व्हावे हे कळत नाही. एक बाजू दुसरीशी जुळवायला गेलो की ती जास्त खाली जाते, मग पहिली पुन्हा घासावी लागते, आणि मागच्या सुरीची मूठ अशाच जुळवाजुळवीत इतकी बारीक झाली की ती सुरी वापरण्याजोगी राहिली नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिले उत्तर

आपण मापे दिलीत हे फार बरे केलेत, कारण आपल्या चुकीचे कारण त्या चार आकड्यांतच आहे. उजवी बाजू मानेशी जास्त घासली गेली आहे आणि डावी बुडाशी. उजव्या हाताने काम करणारा माणूस कानस सरळ पुढे नेत नाही. ती पुढे जाता जाता डावीकडे सरकते, आणि झटक्याच्या शेवटी, हात लांब गेल्यावर, तिचे टोक किंचित खाली दबते. मूठ शेगड्याच्या उजवीकडे असताना हा शेवट मानेकडे येतो. ती डावीकडे असताना तोच शेवट बुडाकडे येतो. म्हणजे आपण दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिला असला, तरी कानशीने दोन्हीकडे सारखे काम केलेले नाही. यावर साधा उपाय असा की पाते शेगड्यात आडवे न धरता एका लाकडी फळीवर क्लॅम्पने आवळावे आणि मूठ फळीच्या कडेबाहेर आपल्या दिशेने काढावी. मग कोणतीही बाजू वर आली तरी कानस बुडाकडून मानेकडेच जाते आणि हाताचा जो काही दोष असेल तो दोन्हीकडे सारखा उतरतो. मानेजवळ कानस पात्याला लागू नये म्हणून तिथे जाड पुठ्ठ्याचे दोन पदर चिकटपट्टीने बांधावेत. पात्याला धार अजून लावली नसेल तर उत्तम. धार मूठ पूर्ण झाल्यावरच लावावी.

आता मूळ मुद्दा. डोळ्याने दोन गोलाई जुळवणे जवळजवळ अशक्य असते, कारण गोल पृष्ठभागावर मोजायला कडच सापडत नाही. सपाट पट्टा मात्र मोजता येतो, त्याची रुंदी दिसते आणि दोन पट्ट्यांची रुंदी सारखी आहे की नाही हे लहान मूलही सांगू शकते. म्हणून मूठ गोल करायला घेऊच नये. ती आधी चौकोनी ठेवावी, चौकोनाचा अष्टकोन करावा, अष्टकोनाच्या कडा पुन्हा उतरवाव्यात आणि गोलाई अगदी शेवटी, पॉलिश पेपरने आणावी.

आपल्याच मापांवर सांगतो. ३ मिमी टँग आणि ९-९ मिमी लाकूड मिळून मूठ २१ मिमी जाड होते. चौरसाचा सम अष्टकोन करायचा असेल तर प्रत्येक कोपऱ्यापासून बाजूच्या ०.२९३ पट अंतरावर रेघ मारावी लागते. २१ मिमीला हे अंतर ६ मिमीच्या किंचित पुढे जाते, म्हणून ६ धरावे. मुठीच्या पाठीवर टँगची पोलादी कड आपल्याला दिसतेच. तिच्या दोन्ही बाजूंना, पोलादापासून ३ मिमी अंतरावर, मुठीच्या पूर्ण लांबीभर रेघ मारावी. म्हणजे बाहेरच्या कडेपासून ती ६ मिमीवर येते. मग दोन्ही बाजूंच्या सपाट अंगांवर पाठीच्या कडेपासून ६ मिमी खाली दुसरी रेघ मारावी. या दोन रेघांच्या मधला कोपरा कानशीने असा उतरवावा की दोन्ही रेघा एकाच वेळी पुसट होऊ लागतील. एक रेघ आधी पुसली गेली तर कानस त्या बाजूला कलते आहे असे समजावे आणि लगेच हात सुधारावा. मुठीच्या पोटाकडून, म्हणजे बोटे येतात त्या अंगाने, मी ६ ऐवजी ५ मिमी घेतो. त्यामुळे मुठीचा छेद अंड्यासारखा होतो आणि बोटांना भरीव आधार मिळतो.

या पद्धतीत सगळी मापे टँगपासून घेतली जातात, ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे. आपण आजवर डाव्या बाजूचे माप उजव्या बाजूवरून घेत आलात, म्हणून एकीची चूक दुसरीत आणि दुसरीची पुन्हा पहिलीत जात राहिली आणि मूठ बारीक होत गेली. पोलाद मधोमध आहे, सरळ आहे आणि कानशीच्या चार झटक्यांनी हलत नाही. दोन्ही बाजूंनी त्यालाच साक्षीला ठेवावे.

चारही कोपरे उतरल्यावर मुठीच्या लांबीभर आठ पट्टे दिसतात. मान बारीक आणि तळहाताचा भाग जाड ठेवायचा असेल, तर तो आकार यापूर्वीच, मूठ चौकोनी असतानाच, पाठीकडून आखून घासून घ्यावा. मग अष्टकोनाचे पट्टे मानेकडे आपोआप निमुळते करता येतात. दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच जागी निमुळते व्हायला लागले पाहिजेत. तसे होत नसेल तर फरक तिथेच आहे आणि तो अजून दुरुस्त करता येतो. यानंतर प्रत्येक कड पुन्हा हलकेच उतरवून अरुंद पट्टे पाडावेत. या वेळी झटके मोजावेत: डावीकडे दहा, उजवीकडे दहा, आणि मग पाहावे. घासण्याआधी पेन्सिलीने पट्ट्यावर तिरप्या रेघोट्या ओढल्या तर कानस नेमकी कुठे लागते आणि कुठे नाही हे तीन झटक्यांत दिसते.

गोलाईसाठी कापडी पाठीचा एमरी पट्टा वापरावा. बोटभर रुंद पट्टा मुठीभोवती घेऊन, बूट चमकवणारा कापड ओढतो तसा, आलटून पालटून ओढावा. आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. इथेही दोन्ही हातांनी सारखेच ओढावे, कारण जो हात जोर लावतो त्याच्या बाजूचे लाकूड लवकर जाते. पितळी सळ्यांपाशी मात्र हा पट्टा वापरू नये. पितळ लाकडापेक्षा कठीण असल्यामुळे मऊ पट्ट्याने सळीभोवतीचे लाकूड खाली जाते आणि सळीचे डोके बोटाला जाणवू लागते. त्या जागी पॉलिश पेपर कठीण लाकडी ठोकळ्यावर गुंडाळूनच घासावे. आणि पट्ट्याचे यंत्र वापरत असाल तर सळी तापू देऊ नये, कारण ती उष्णता सरळ आत एपॉक्सीपर्यंत जाते आणि पकड सैल होते.

आपली सध्याची मूठ वाचू शकते. मानेशी डावीकडचे लाकूड ६.५ पर्यंत आणावे, बुडाशी उजवीकडचे ७ पर्यंत. म्हणजे मान १६ मिमी आणि बूड १७ मिमी जाडीचे होईल. स्वयंपाकाच्या सुरीला ही जाडी पुरेशी आहे. मधला फुगवटा आहे तसा राहू द्यावा, त्याला हात लावू नये.

दुसरे उत्तर

मी सुतारकाम शिकवत असे. वर सांगितलेली पट्ट्यांची पद्धत बरोबर आहे आणि कुऱ्हाडीच्या दांड्यापासून पाळण्याच्या खांबापर्यंत सगळीकडे ती चालते. मला त्याआधीच्या तयारीबद्दल सांगायचे आहे, कारण लाकूड चिकटवण्यापूर्वी राहिलेली चूक चिकटवल्यानंतर कानशीने काढणे फार महाग पडते.

दोन्ही पट्ट्या एकाच तुकड्यातून, तो उभा चिरून घ्याव्यात आणि पुस्तक उघडतो तशा उघडून बसवाव्यात. त्यामुळे रेषा जुळतात ही दिसण्याची गोष्ट झाली; त्याहून महत्त्वाचे हे की दोन्ही बाजूंचे लाकूड सारख्या कठीणपणाचे राहते. शिसवाचा गाभा जांभळट काळसर आणि कठीण असतो, बाहेरचे फिकट लाकूड मऊ असते. एका पट्टीत गाभा आणि दुसरीत फिकट भाग आला, तर दहा झटक्यांनी दोन्हीकडे सारखे लाकूड कधीच जाणार नाही, मग आपण झटके कितीही काटेकोरपणे मोजा. रेषांची दिशाही पाहावी. ज्या दिशेने कानस फिरवताना तंतू उचलले जातात, त्या दिशेने ती चालवू नये.

दोन्ही पट्ट्यांची आतली बाजू काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर सपाट करावी आणि मग जाडी मोजावी. इथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहिला तर तो शेवटपर्यंत सोबत येतो. शिसव तेलकट असते, म्हणून चिकटवण्याआधी ती बाजू अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावी. क्लॅम्प अति आवळू नये, नाहीतर एपॉक्सी सगळे बाहेर येते आणि सांधा कोरडा राहतो.

एक काम मात्र चिकटवण्याआधीच पूर्ण झाले पाहिजे: पट्ट्यांच्या पुढच्या कडा, म्हणजे पात्याच्या बाजूची टोके. दोन्ही पट्ट्या सळ्यांच्या भोकांत तात्पुरत्या सळ्या घालून एकमेकींना जोडाव्यात आणि त्या कडा एकत्रच घासून, गोल करून, ४०० नंबरपर्यंत गुळगुळीत कराव्यात. चिकटवल्यानंतर तिथे कानस गेली की पात्यावर ओरखडे पडलेच म्हणून समजा. रेघा मारण्यासाठी पेन्सिल आणि फूटपट्टीपेक्षा मार्किंग गेज वापरावा. त्याची टोकदार सुई लाकडात बारीक रेघ कोरते आणि ती हाताने पुसली जात नाही. शिसवासारख्या गडद लाकडावर पेन्सिल दिसत नाही ही तक्रार मुले नेहमी करीत. कोरलेल्या रेघेत खडू घासला की ती पांढरी उठून दिसते.

शिसवाची भुकटी अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते. मास्क लावल्याशिवाय हे काम करू नये.

तिसरे उत्तर

आमच्या घरी कोकणात कोयते आणि विळे बनवण्याचे काम होते. ती पद्धत आपल्या सुरीहून वेगळी आहे, तरी एक गोष्ट इथे उपयोगी पडेल असे वाटते. कोयत्याच्या पात्याला मागे निमुळते टोक असते. लाकडाला आधी बारीक भोक पाडून ते टोक तापवून त्यात बसवले जाते, तोंडाशी लोखंडी वसवी, म्हणजे कडे, घालतात आणि त्यानंतरच मुठीला बाहेरून शेवटचा आकार देतात. मूठ आधी सुंदर गोल करून मग पाते बसवले, तर भोक जरासे तिरपे गेले तरी पाते मुठीशी वाकडे दिसते. आधी पाते बसवून मग लाकूड उतरवले, तर भोकाचा तिरपेपणा लाकडात मुरून जातो. वर टँगला साक्षीला ठेवा असे जे म्हटले आहे, तेच आमच्याकडे या रीतीने होत असे.

मात्र सारखेपणा कुठे हवा आणि कुठे नको हेही पाहावे. डावी आणि उजवी बाजू सारखी हवी. पाठ आणि पोट सारखे नको. कोयत्याची मूठ पूर्ण गोल केली तर ओल्या हातात ती फिरते आणि घाव तिरपा बसतो. ती थोडी चपटी आणि पोटाकडे वेगळी असली, की न पाहता उचलली तरी धार कोणत्या बाजूला आहे हे मुठीवरूनच कळते. पावसात, झाडावर बसून काम करणाऱ्याला हे कळणे किती गरजेचे असते, हे मी पाहिले आहे. स्वयंपाकघरातही हात ओला असतोच.

लाकडाच्या वाळण्याबद्दल एक सूचना. पावसाळ्यात, हवा दमट असताना बसवलेली पट्टी उन्हाळ्यात आक्रसते. मग टँगची कड लाकडाबाहेर केसभर येते आणि तळहाताला लागते. आपण सर्व काही नीट केले असतानाही मूठ वाकडी झाल्याचा भास होतो. लाकूड निदान काही महिने घरात, जिथे काम करणार तिथेच, ठेवून मग वापरावे. दांड्यांसाठी आमच्याकडे धामण आणि बाभूळ वापरत. शिसव दिसायला देखणे असले तरी घाव सोसण्याच्या बाबतीत मला धामण अधिक भरवशाची वाटते. आपल्या सुरीला घाव सोसायचे नाहीत, म्हणून शिसव योग्यच आहे.

चौथे उत्तर

आपल्याला गोल मूठच हवी आहे का, हा विचार करून पाहावा. जपानी स्वयंपाकी सुऱ्यांना, विशेषतः साकाई येथे बनणाऱ्या सुऱ्यांना, अष्टकोनी लाकडी मूठ नेहमी दिसते. पुष्कळदा ती होओ नावाच्या हलक्या लाकडाची असते आणि तोंडाशी म्हशीच्या शिंगाची वसवी असते. त्या मुठीत पट्टे तसेच ठेवलेले असतात, फक्त कडा बोटाला टोचणार नाहीत इतक्या मोडलेल्या असतात. ती डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांना चालते. तिथे इंग्रजी डी अक्षराच्या छेदाची मूठही असते, पण ती एकाच हातासाठी बनते. मी स्वतः तीन मुठी अष्टकोनी अवस्थेतच थांबवल्या आणि त्या रोजच्या वापरात आहेत. ज्याचा हात अजून बसायचा आहे, त्याने पहिल्या काही मुठी अशा कराव्यात, कारण पट्टा वाकडा झाला तर तो लपत नाही आणि त्यामुळे हात लवकर सुधारतो.

तपासण्यासाठी सोल्डरची मऊ तार फार कामाची आहे. ती मुठीच्या एका बाजूला पाठीपासून पोटापर्यंत दाबून बसवावी, हळूच काढून कागदावर ठेवावी आणि पेन्सिलीने तिचा आकार काढावा. मग तीच तार उलटी करून दुसऱ्या बाजूला लावावी. जिथे फट दिसेल तिथे लाकूड कमी आहे, जिथे तार बसणार नाही तिथे जास्त. मान, मध्य आणि बूड अशा तीन ठिकाणी हे करावे. शेवटी डोळे मिटून मूठ दोन्ही हातांत आळीपाळीने धरावी. व्हर्नियरला न सापडलेला उंचवटा अंगठ्याला सापडतो.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी आणि रविवारी मिळून काम केले. पाते फळीवर आवळून मूठ माझ्या दिशेने काढल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच फरक जाणवला; कानस मानेशी दबते हे मला आजवर कधी दिसलेच नव्हते, कारण दोन्ही बाजूंना ती वेगवेगळ्या जागी दबत होती. टँगच्या दोन्ही बाजूंना मार्किंग गेजने ३ मिमीवर रेघा कोरून त्यांत खडू घासला आणि पाठीकडचे कोपरे उतरवले. मूठ आधीच बरीच घासली गेलेली असल्यामुळे मानेशी अष्टकोन पूर्ण आला नाही, तरी पट्टे दोन्ही बाजूंना एकाच जागी संपतात.

आता मानेशी डावीकडे ६.६ आणि उजवीकडे ६.५ मिमी आहे, बुडाशी दोन्हीकडे ७. सोल्डरची तार मध्यभागी एका ठिकाणी अडकत होती. तिथे डाव्या बाजूला सळीच्या खाली किंचित उंचवटा निघाला आणि तो ठोकळ्यावर १२० नंबरचा पेपर गुंडाळून काढला. पुढच्या कडांचा फरक तसाच आहे: उजवी पट्टी डावीपेक्षा जवळपास एक मिलिमीटर पुढे आली आहे, आणि आता तिथे हात घातला तर पाते खराब होईल, म्हणून ती तशीच ठेवून मुठीला जवसाचे तेल देत आहे. पुढच्या सुरीसाठी एकाच तुकड्यातून चिरलेल्या दोन पट्ट्या आज तात्पुरत्या सळ्यांवर जोडून ठेवल्या आहेत आणि त्यांच्या पुढच्या कडा एकत्र घासायला घेतल्या आहेत.